बॅटरसीचा मेयर : जॉन आर्चर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात वक्त्याने एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सांगावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मीही ती मोडणार नाही. मात्र मी निवडलेला माणूस राष्ट्राध्यक्ष नव्हता, सेनापती नव्हता, त्याने ग्रंथही लिहिले नाहीत. तो एका नगरपालिकेचा सभासद होता. नळ, गटारे, सार्वजनिक न्हाणीघरे आणि झाडूवाल्यांचा पगार, यांतच त्याचे आयुष्य गेले. ज्यांनी आज भाषण ऐकले नाही आणि पुढे स्मरणिकेत हा मजकूर वाचतील, त्यांनाही मी समोर बसलेले समजूनच बोलतो. तेव्हा वाचकांनीही थोडा धीर धरावा. नगरपालिकेची गोष्ट नीरस असते ही समजूत खरी नाही.

१० नोव्हेंबर १९१३ची संध्याकाळ. लंडनच्या दक्षिणेला, थेम्स नदीच्या काठी बॅटरसी नावाचा भाग आहे. तिथल्या नगर परिषदेच्या सभागृहात त्या वर्षीचा मेयर निवडायचा होता. दोन उमेदवार उभे होते. मते मोजली गेली आणि अवघ्या एका मताच्या फरकाने जॉन रिचर्ड आर्चर निवडून आले. आर्चर कृष्णवर्णीय होते. लंडन शहराच्या कोणत्याही विभागाने तोवर असा मेयर पाहिलेला नव्हता. साम्राज्याचा सूर्य त्या काळी मावळत नव्हता म्हणतात. त्या साम्राज्याच्या राजधानीत, पार्लमेंटपासून दोन-तीन मैलांवर, एका काळ्या माणसाच्या गळ्यात मेयरची साखळी पडली.

हा माणूस आला कोठून? हाच प्रश्न तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांनाही पडला होता. त्यावर आपण येऊच. आधी त्याचे घर पाहू.

आर्चर यांचा जन्म ८ जून १८६३ रोजी लिव्हरपूल बंदरात झाला. वडील रिचर्ड आर्चर हे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचे, बोटीवर स्टुअर्डचे काम करणारे. आई मेरी थेरेसा बर्न्स ही आयरिश कॅथलिक. आता या सभागृहात कोकणातली मंडळी पुष्कळ असणार. बोटीवरच्या नोकरीचा अर्थ त्यांना मी सांगायला नको. रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याकडचे स्टुअर्ड, स्वयंपाकी हे इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबले. लंडन आणि लिव्हरपूलच्या गोद्यांतून आपली माणसे हिंडली, आजारी पडली, काही तिथेच राहिली. ज्या लिव्हरपूलात आर्चर यांचे बालपण गेले, ते शहर गुलामांच्या व्यापारावर गबर झालेले होते. तो व्यापार कायद्याने १८०७ साली बंद झाला. परंतु त्या पैशावर उभ्या राहिलेल्या इमारती तशाच होत्या आणि त्यांच्याच सावलीत आफ्रिकेची, कॅरिबियन बेटांची, चीनची आणि आपल्याकडची खलाशी माणसे राहत होती. बापाच्या पावलावर पाऊल टाकून मुलगाही समुद्रावर गेला आणि जग फिरून आला. त्याने कॅनडातील बर्था नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न केले आणि एकोणिसावे शतक संपता संपता हे जोडपे बॅटरसीत येऊन राहिले. बॅटरसी पार्क रोडवर आर्चर यांनी फोटोग्राफीचा स्टुडिओ काढला.

बॅटरसीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण हा माणूस दुसऱ्या कोणत्याही भागात निवडून आला असता असे मला वाटत नाही. रेल्वेचे कारखाने, गॅसचे कारखाने, मेणबत्त्यांचा कारखाना असा तो कामकऱ्यांचा मुलूख. लंडनमधील नव्या नगर परिषदा १८९९च्या कायद्याने झाल्या आणि १९०० मध्ये त्यांच्या पहिल्या निवडणुका झाल्या. बॅटरसीत उदारमतवादी, मजूर संघटना आणि समाजवादी यांनी एकत्र येऊन ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाची आघाडी केली आणि सत्ता घेतली. ठेकेदाराला काम न देता परिषदेनेच स्वतःचे गवंडी, सुतार नेमून बांधकाम करायचे, असा त्यांचा शिरस्ता. लॅचमिअर इस्टेट ही कामगारांची वसाहत त्यांनी याच पद्धतीने बांधली. ती १९०३ साली खुली झाली. वसाहतीतील रस्त्यांची नावे ऐका: एकाचे नाव ‘सुधारणा’, दुसऱ्याचे ‘स्वातंत्र्य’, आणि एकाला चक्क जूबेर या बोअर सेनापतीचे नाव दिलेले. इंग्रज सरकार ज्या बोअरांशी नुकतेच लढले होते, त्यांच्या सेनापतीचे नाव लंडनच्या रस्त्याला! आपल्याकडे रस्त्यांच्या नावांवरून होणारी भांडणे आठवून मला याची मोठी गंमत वाटते. तान्ह्या मुलांसाठी निर्जंतुक दुधाचे केंद्र, सार्वजनिक न्हाणीघरे, कपडे धुण्याच्या जागा हे सगळे तिथे होते. गरिबांच्या घरात न्हाणीघर नव्हते, म्हणून ते परिषदेने बांधून दिले. नगरकारभाराचा अभ्यास करणारे लोक बॅटरसी पाहायला येत आणि त्यामुळे त्या काळच्या इंग्रजांनी या भागाला नाव ठेवले होते, ‘म्युनिसिपल मक्का’. नगरपालिकांची मक्का! हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही हसू आले. परंतु ज्याने तो योजला त्याला त्यातली ओढ कळली असली पाहिजे.

आर्चर राजकारणात उतरले ते दोन वाटांनी. पहिली वाट गल्लीतली. दुसरी जगाची. जुलै १९०० मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर टाऊन हॉलमध्ये पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स या त्रिनिदादच्या बॅरिस्टराने ती भरवली होती. अमेरिकेहून डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आले होते. आफ्रिकेतील आणि आफ्रिकेबाहेर पांगलेल्या काळ्या लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडावेत, असा तिचा हेतू. आर्चर त्या परिषदेला हजर होते. पुढे १९०६च्या निवडणुकीत ते बॅटरसीच्या लॅचमिअर वॉर्डातून निवडून आले आणि त्याच वर्षी विल्यम्सही मॅरिलबोनच्या परिषदेवर निवडून आले. काळे लोक राज्यकारभाराला अपात्र आहेत, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले जाण्याचा तो काळ होता, हे ध्यानात ठेवा.

निवडून आल्यावर आर्चर यांनी काय केले? भाषणे? तीही केली असतील. पण त्यांचे नाव ज्या कामाशी जोडले गेले ते पगाराचे. परिषदेच्या नोकरीतील माणसाला आठवड्याला किमान ३२ शिलिंग मिळाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह, आणि तो त्यांनी तडीस नेला. त्या वेळचा रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा, म्हणजे हिशेब केला तर आठवड्याचे २४ रुपये होतात. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण रस्ता झाडणाऱ्या माणसाच्या पगाराला खालून एक मर्यादा असावी, तिच्याखाली कोणालाही राबवता येऊ नये, ही कल्पना तेव्हा जुनी झालेली नव्हती. ३२ शिलिंगांचा मुद्दा लावून धरणारा माणूस लोकांच्या दृष्टीने ‘काळा सभासद’ राहत नाही, ‘आमचा सभासद’ होतो. १९०९ मध्ये आर्चर पडले. १९१२ मध्ये लोकांनी त्यांना परत आणले. आणि दुसऱ्याच वर्षी मेयरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले.

आता वर्तमानपत्रांकडे वळू. नाव पुढे आले मात्र, बातमीदारांची झुंबड उडाली. हा गृहस्थ मूळचा कुठला? कोणी लिहिले, याचा जन्म रंगूनचा. म्हणजे हा ब्रह्मी. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता, म्हणजे एका अर्थाने आर्चर यांना आपल्याच पदरात टाकले गेले होते! इतरही तर्क चालले. त्यांना विचारून घ्यावे, एवढे सोपे काम कोणाला सुचले नसावे.

निवड झाल्यावर आर्चर बोलायला उभे राहिले. ते भाषण छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्याचा सारांश मी माझ्या शब्दांत सांगतो. ते म्हणाले की, माझा जन्म रंगूनला झालेला नाही. तो इंग्लंडातल्या एका लहानशा, तुम्ही कधी नावही ऐकले नसेल अशा खेड्यात झाला, आणि त्या खेड्याचे नाव लिव्हरपूल. (सभागृहात काय हशा पिकला असेल! त्या वेळी लिव्हरपूल म्हणजे साम्राज्यातले अग्रगण्य बंदर.) मग ते आईकडे वळले. माझी आई ब्रह्मी नव्हती, ती आयरिश होती, आणि तो वंश जगातल्या थोर वंशांपैकी एक आहे. आपल्या निवडीने इतिहास घडला आहे, असेही त्यांनी सांगितले. एका इंग्रजी नगराने काळ्या माणसाला मेयर केले ही वार्ता जगातील साऱ्या काळ्या-सावळ्या लोकांपर्यंत जाईल, आणि बॅटरसीने वर्ण पाहिला नाही, काम पाहिले, असे ते म्हणतील, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

विद्यार्थी मित्रहो, मला त्या भाषणातला आईचा उल्लेख फार महत्त्वाचा वाटतो. विजयाच्या क्षणी माणूस आपल्या पक्षाचे आभार मानतो, विरोधकांना टोमणा मारतो. आर्चर यांना त्या क्षणी आपली आई कोण होती हे भर सभेत सांगावे लागले, कारण चार अनोळखी माणसांनी तिला परस्पर रंगूनला नेऊन ठेवले होते. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न कुतूहलानेही विचारला जातो आणि दार लावण्यासाठीही. ऐकणाऱ्याला त्यातला फरक लगेच कळतो. आर्चर यांनी त्याचे उत्तर चिडून दिले नाही. आधी हसवले, मग ताठ उभे राहून सांगितले.

वार्ता खरोखरच दूर गेली. अमेरिकेत डू बॉइस यांच्या संपादनाखाली ‘द क्रायसिस’ हे मासिक निघत असे, त्याने या निवडीची दखल घेतली. दुसरीकडे शिव्यांची पत्रेही आली.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आर्चर हे इंग्लंडातले पहिले कृष्णवर्णीय मेयर, असे पुष्कळ ठिकाणी छापले गेले आहे आणि स्वतः आर्चर यांचीही तशीच समजूत होती. वस्तुस्थिती अशी की, नॉरफोकमधील थेटफर्ड या छोट्या गावाने १९०४ मध्येच डॉ. ॲलन मिन्स यांना मेयर केले होते. मिन्स मूळचे बहामा बेटांचे, गावात दवाखाना चालवणारे. नऊ वर्षांत ही गोष्ट लोक विसरूनही गेले! आर्चर लंडनमधले पहिले, एवढे म्हटले की पुरे. त्यांचा मोठेपणा त्याने उणा होत नाही.

‘काळा’ या शब्दाचा त्या काळी इंग्लंडात किती ऐसपैस वापर होता, हेही सांगून टाकतो. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी जाहीर सभेत आपल्या दादाभाई नौरोजींचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला होता. इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतपत पुढे आलेला नाही, असा त्यांचा सूर होता. दादाभाई रंगाने सॉल्सबरींहूनही गोरे होते, अशी तेव्हा थट्टा झाली. चारच वर्षांनी, १८९२ मध्ये, दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून गेले. मताधिक्य होते ५. दादाभाईंना ५ आणि आर्चरना १! काठावर पास झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे आकडे लिहून घ्यायला हरकत नाही.

मेयर झाल्यावर आर्चर यांच्या हाती फार मोठी सत्ता आली असे समजू नका. तिथला मेयर वर्षभरासाठी. त्याने सभांचे अध्यक्षस्थान भूषवायचे, समारंभांना जायचे. कारभार चाले तो समित्यांच्या द्वारे. आपल्या मुंबईतही १८८८च्या कायद्याने कारभाराचा लगाम आयुक्ताच्या हाती ठेवला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा साखळीपेक्षा समित्यांत घालवलेली वर्षेच अधिक मोलाची. त्यांच्या खुर्चीचे वर्ष संपत आले तोच, ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध पेटले.

युद्धात साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून काळी आणि सावळी माणसे लढायला नेली गेली. आपले लाखो जवान त्यांत होते. १९१८ मध्ये लंडनमध्ये ‘आफ्रिकन प्रोग्रेस युनियन’ ही संस्था निघाली आणि आर्चर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी त्या वेळी मांडलेला मुद्दा सरळ होता : देशासाठी लढायला आम्ही चालतो, तर देशाच्या हक्कांतही आम्हाला वाटा हवा. पण घडले उलटे. १९१९च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या बंदरांत दंगली उसळल्या. लिव्हरपूलमध्ये चार्ल्स वूटन नावाच्या काळ्या खलाशाचा जमावाने गोदीपर्यंत पाठलाग केला आणि तो पाण्यात बुडून मेला. जे गाव आर्चर यांनी विनोदाने ‘लहानसे खेडे’ म्हणून सांगितले होते, त्याच गावात हे घडले. आर्चर शिष्टमंडळ घेऊन लिव्हरपूलच्या लॉर्ड मेयरकडे गेले. त्याच वर्षी पॅरिसला भरलेल्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसलाही ते गेले होते.

आणि आता आपल्या मुंबईचा माणूस या गोष्टीत येतो.

शापुरजी सकलातवाला यांचा जन्म १८७४चा, मुंबईचा. जमशेटजी टाटा हे त्यांचे सख्खे मामा. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन साहेबांबरोबर त्यांनी गोरगरिबांच्या वस्त्यांत काम केले. त्या चाळींनी आणि झोपड्यांनी त्यांचे मन पालटले, असे मानले जाते. १९०५ मध्ये ते टाटांच्या कामासाठी इंग्लंडला गेले ते तिथलेच झाले आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. १९२२च्या निवडणुकीत उत्तर बॅटरसीतून मजूर पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. त्यांचा निवडणूक प्रतिनिधी कोण? जॉन आर्चर. या कामासाठी आर्चर यांनी परिषदेतली आपली जागा सोडली. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मुंबईचा एक पारशी उमेदवार, त्याच्या प्रचाराची सूत्रे लिव्हरपूलच्या एका कृष्णवर्णीय फोटोग्राफरच्या हाती, आणि मते मागायची ती गॅस कारखान्यातल्या आणि रेल्वेतल्या इंग्रज-आयरिश कामगारांची! सकलातवाला निवडून आले. १९२३ मध्ये थोडक्यात पडले, १९२४ मध्ये पुन्हा आले. पार्लमेंटात त्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू इतक्या वेळा मांडली की, इतर सभासद त्यांना हिंदुस्थानचेच प्रतिनिधी समजत.

ही मैत्री टिकली असती तर गोष्ट गोड झाली असती. ती टिकली नाही आणि ते लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. मजूर पक्षाने कम्युनिस्टांना दूर करायचे ठरवले. बॅटरसीतील स्थानिक शाखेने ते मानले नाही तेव्हा १९२६ मध्ये शाखेलाच पक्षाबाहेर काढले. त्याच वर्षी सार्वत्रिक संपाच्या वेळी हाइड पार्कमधील भाषणाबद्दल सकलातवालांना दोन महिन्यांचा तुरुंगवास झाला होता. आर्चर यांना निवड करावी लागली. त्यांनी पक्ष निवडला. बॅटरसीत अधिकृत मजूर पक्ष नव्याने बांधण्याच्या कामी ते लागले आणि १९२९च्या निवडणुकीत त्यांनी विल्यम सँडर्स या मजूर उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून काम केले. सकलातवाला हरले. सात वर्षांपूर्वी ज्या माणसासाठी दारोदार फिरले, त्याच माणसाविरुद्ध त्याच दारांवर जावे लागले.

यात चूक कोणाची? मी पुष्कळ विचार केला. सकलातवाला तत्त्वाला चिकटून राहिले आणि जागा गमावून बसले. आर्चर यांना वाटले असावे की, परिषदेतील बहुमत हातून गेले तर ३२ शिलिंगही जातील, दूधही जाईल, घरेही जातील. माझे स्वतःचे मन आर्चरकडे झुकते, पण सकलातवालांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. आपल्यापैकी ज्यांनी एखादी संस्था चालवली आहे, ते या दोघांनाही ओळखतील. मागल्या रांगेत काही जण माना हलवताना मला दिसत आहेत.

१९३१ मध्ये आर्चर पुन्हा परिषदेवर आले, या खेपेला नाइन एल्म्स वॉर्डातून. १४ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते परिषदेतील सत्ताधारी पक्षाचे उपनेते होते. मधल्या काळात ते बॅटरसी पॉलिटेक्निकच्या नियामक मंडळावर होते, गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावर होते, आणि नाइन एल्म्सच्या पोहण्याच्या क्लबचे अध्यक्षही होते. शेवटचे पद मला विशेष आवडते. न्हाणीघरे आणि तलाव बांधणाऱ्या परिषदेचा माणूस, मुले तिथे पोहायला येतात की नाही हेही पाहत होता. बॅटरसी पार्क रोडवरच्या कॅथलिक चर्चमध्ये, म्हणजे ज्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता त्याच रस्त्यावर, त्यांचा अंत्यविधी झाला. सकलातवाला त्यानंतर साडेतीन वर्षांनी, जानेवारी १९३६ मध्ये गेले.

बॅटरसीची स्वतंत्र नगर परिषद १९६५ मध्ये वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झाली. आर्चर यांचे नाव बराच काळ मागे पडले होते. २०१३ मध्ये, म्हणजे त्यांच्या निवडीला शंभर वर्षे झाली तेव्हा, इंग्लंडच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले आणि ब्रिनमेअर रोडवरील त्यांच्या ५५ क्रमांकाच्या घरावर निळी पाटी लागली. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, भाचे आज लंडनमध्ये आहेत. पालक तिकडे गेले म्हणजे मुले त्यांना राजवाडा आणि मोठे घड्याळ दाखवायला नेतात. त्यांना सांगा, एक दिवस बॅटरसी पार्कपर्यंत घेऊन चला. बागेच्या दक्षिणेला तो रस्ता आहे, साध्या विटांच्या घरांचा, आणि पाटी रस्त्यावरून चालतानाही वाचता येते.